पाटी माझी, तोंड तिचं

माझा नवरा जेवताना तीन-चार शब्द बोलायचा. मीठ. पाणी. पुरे. समुद्रावरून आला की खायचा आणि निजायचा. लग्न झाल्यापासून तो मरेपर्यंत हे असंच चाललं. काही माणसांच्या तोंडात देव शब्दच कमी घालतो, असं मी धरून चालले होते. त्यामुळे एक शहरातली मुलगी माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "आजी, तुमचे मिस्टर किती छान बोलायचे," तेव्हा मला वाटलं ही घर चुकली.

ती घर चुकली नव्हती. तिने माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं, होडीचं नाव घेतलं, तो तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य, होता हेही तिला माहीत होतं. ती एका रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसावर अभ्यास करत होती. तो माणूस मलाही आठवत होता. बोईसरच्या कारखान्यात कारकून होता, बेटेगावात खोली घेऊन राहायचा. पहिली पाळी सुटली की सायकल मारत तारापूरच्या बाजूला आमच्या बंदरावर यायचा आणि माझा नवरा जाळं दुरुस्त करत बसलेला असे तिथे जाऊन बसायचा. मी तेव्हा बोईसरला पाटी घेऊन दारोदार मासळी विकत असे. संध्याकाळी मी रिकामी पाटी घेऊन परत येताना तो सायकलवरून जाताना दिसायचा. मान हलवायचा. मीही हलवायची. एवढीच आमची ओळख.

त्याचं पुस्तक छापून आलं की तो एक प्रत माझ्या नवऱ्याला आणून द्यायचा. नवऱ्याला वाचता येत नव्हतं. मला येत होतं, मी चौथी पास आहे, पण दिवसभर पायपीट करून आल्यावर कोणी कोणाचा खून केला ते कोण वाचत बसणार? कागद पातळ होता, जवळ्याच्या पुड्या बांधायला बरा होता. मी बांधल्या. हे ऐकून त्या मुलीने कपाळाला हात लावला.

"आजी, त्यातली दोन पुस्तकं आता कुठेच मिळत नाहीत!"

"बोईसरच्या लोकांनी जवळा खाल्ला, कागद फेकला. मी काय करू?"

तो कारकून वारला होता. त्याच्या मुलाने घर विकताना बापाचे सगळे कागद पालघरच्या एका वाचनालयाला देऊन टाकले होते. मुलगी तिथे जाऊन ते कागद वाचत होती. त्या कागदांत जागोजागी 'तांडेल म्हणाला' असं लिहिलंय, असं तिने सांगितलं. आणि मग ती मुळात जे सांगायला आली होती ते बोलली. त्या माणसाच्या पुस्तकांत खुनी शोधून काढणारी एक मासळीवाली आहे. लोक तिला पाटीवाली म्हणतात. डोक्यावर पाटी घेऊन घरोघर जाते, कोणाच्या घरात काय शिजतं ते बघते, आणि पोलिसांच्या आधी चोर पकडते. लोकांना ती फार आवडायची.

"ती तुम्हीच आहात, आजी," मुलगी म्हणाली. "तांडेलाची बायको, पाटी, बोईसरचा बाजार. दुसरं कोण असणार?"

मला बरं वाटलं. उगाच खोटं का लिहू. माझा नवरा माझ्याशी बोलला नाही, पण माझ्याबद्दल बोलला, असा त्याचा अर्थ होत होता. म्हातारपणी एवढं मिळालं तरी पुष्कळ.

गावात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. माझ्या मागच्या घरात एक विधवा राहते, माझ्याच वयाची. तरुणपणी नवरा गेला तेव्हापासून ती आमच्या वलांडीवर कामाला असायची. वलांडी म्हणजे बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या, त्यावर बोंबील वाळत घालतात. ती तोंडाची सैल. दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्या बायांच्या देखत तिने मला गाठलं.

"काय गो पाटीवाली, आज कोनाचा खून पकडलास?"

"तुजाच करीन, मग पकडतील."

"कर, कर. पन आधी मासळीचा भाव कमी कर. तुजा भाव ऐकूनच मानसं मरायची, वेगळा खून कशाला पायजे!"

बाया हसल्या. मी हंडा उचलला आणि घरी आले. जळते म्हातारी, असं मनात म्हटलं. मला ते आवडलं, तिचं जळणं. आयुष्यभर ती माझ्यावर हसत आली होती, आता माझं नाव एका पुस्तकाशी जोडलं गेलं होतं.

मुलगी म्हणाली होती की वाचनालयात एक कार्यक्रम ठेवणार आहेत, त्या लेखकाचे कागद लोकांना बघायला काढतील, आणि मला शाल-नारळ देतील. मला शाल नको असं नव्हतं. पण त्याआधी ते कागद माझ्या डोळ्यांनी बघायचे होते. ती बाई खरंच मी आहे का, हे बघायचं होतं. आणि त्याहून जास्त, माझा नवरा त्या परक्या माणसाशी काय बोलायचा, ते मला पाहिजे होतं. ते बोलणं माझं होतं. भाकऱ्या मी थापल्या होत्या.

म्हणून मी एक दिवस रिक्षाने बोईसरला आणि तिथून एसटीने पालघरला गेले. मुलगी दारात उभी होती. आत एक ग्रंथपाल बाई, चष्मा नाकावर. तिने माझी पिशवी हुंगल्यासारखं केलं.

"आजी, पिशवीत काय आहे?"

"सुके बोंबील. या पोरीला आणलेत."

"ते बाहेर ठेवा. कागदांना वास लागेल. आणि हात साबणाने धुऊन या."

मी हात धुतले. बाईने परत धुवायला लावले. मी म्हटलं, "बाय, हा वास आता हाडातून येतो, साबणाने काय होणार?" पण धुतले. मग एका लांब टेबलाशी बसवलं. पेन आणू नका, पेन्सिल चालेल. पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका. लग्नात नवरीलासुद्धा इतक्या सूचना देत नाहीत.

मुलीने पुठ्ठ्याची एक पेटी आणली. त्यात कडुनिंबाची वाळकी पानं आणि डांबरगोळ्या टाकलेल्या होत्या. कागद कारखान्यातले, एका बाजूला मालाची छापील यादी आणि मागच्या कोऱ्या बाजूला त्या माणसाचं बारीक अक्षर. फुकटच्या कागदावर लिहायचा. एवढ्यापुरता मला तो शहाणा वाटला. गंजलेल्या टाचण्या मुलीने काढून टाकल्या होत्या, त्यांचे तांबूस डाग तेवढे राहिले होते.

"तुम्ही वाचता का मी वाचू?" मुलीने विचारलं.

"मीच वाचते."

मी बोट ठेवून वाचते. वेळ लागतो. पण दुसऱ्याच्या तोंडून मला माझा नवरा ऐकायचा नव्हता.

तो तिथे होता. पानामागून पान होता. तांडेल म्हणाला, वारा आणि सासू, दोघं कुठून येतील ते आधी कळत नाही. तांडेल म्हणाला, बुडालेला माणूस दोन-तीन दिवसांनी वर येतो, खोटं बोलणं त्याच्याआधी वर येतं. तांडेलाने एका भुताची गोष्ट सांगितली, जे भूत जाळ्यात सापडलं आणि त्याचं वजन करून व्यापाऱ्याने भाव पाडला. ती गोष्ट चांगली दोन पानं होती. मी कधी ऐकली नव्हती. माझ्या पोरांनी ऐकली नव्हती. त्याच्या हाताखालचे खलाशी सोडले तर जगात ती गोष्ट एका बेटेगावच्या कारकुनाला ठाऊक होती, आणि आता या मुलीला.

ती मुलगी शेजारून म्हणाली, "किती मजेशीर आहे ना? मी तर एकटीच हसत बसले होते."

मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तिचा काय दोष? पण वाटली. तिने माझ्या नवऱ्याला सोसलं नाही, त्याचे ओले कपडे पिळले नाहीत, त्याचा दारू प्यायल्यानंतरचा वास घेतला नाही, आणि त्याचं सगळं चांगलं बोलणं हिला आयतं मिळालं, तेही कडुनिंबाची पानं घालून जपलेलं. त्या कारकुनावर तर मी इतकी जळले की तो मेलाय याचंसुद्धा समाधान वाटेना. मेलेल्याला शिवी देऊन काय उपयोग.

"पाटीवालीचं कुठे आहे?" मी विचारलं.

तिने दुसरी पेटी आणली. पहिल्या पानांवर पाटीवाली नव्हतीच. चोर पकडणारा एक निवृत्त हवालदार होता. तो कोणालाच आवडला नसावा, कारण त्याला मोठी फुली मारली होती. मग एका कागदावर एक बाई आली. तो तिच्याकडे बघून लिहीत होता हे मलासुद्धा कळलं. ती कशी उभी राहते, कशी बोलते, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायाकडे बघून तो कुठून आला ते कशी सांगते. पुढे एक ओळ होती. बाईचा उजवा हात कमरेवर, आणि डाव्या हाताने ती बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्या बोंबलाचा जबडा अशी झटकन अडकवते, की जोडी दोरीवर कधी पडली ते दिसत नाही.

मी ती ओळ परत वाचली. मग बोट उचललं.

आमच्या बंदरावर डाव्या हाताने बोंबील लावणारी एकच बाई होती. सगळे तिला त्यावरून चिडवायचे. ती म्हणजे माझ्या मागच्या घरातली विधवा.

मुलीला यात काही दिसलं नव्हतं. तिला वाटत होतं कोळणी म्हणजे कोळणी, विकणारी काय आणि वाळवणारी काय. आमच्यात तसं नसतं. जी पाटी घेऊन बाजारात जाते ती सकाळी गेलेली संध्याकाळी उगवते. दिवसभर बंदरावर असते ती वलांडीवाली. मी तांडेलाची बायको, माझ्या जिभेला भाव करता यायचा, म्हणून सासूने माझ्या डोक्यावर पाटी दिली. बोंबील मी लावले ते लग्नाच्या आधी, माझ्या आईच्या घरी. माझ्या नवऱ्याने मला बोंबील लावताना कधी पाहिलंच नाही. त्याने पाहिलं ते तिला. रोज. जाळं घेऊन बसायचा ती जागा वलांडीच्या बाजूला, सावलीला.

मी मुलीला म्हटलं, "आज पुरे. मला घरी जायचंय." बोंबलाची पिशवी मी तिला द्यायला विसरले, एसटीत बसल्यावर ती मांडीवर होती.

घरी आले, पाय धुतले आणि सरळ मागच्या दारी गेले. ती लसूण सोलत बसली होती.

"तो सायकलवाला कारकून यायचा, तवा तू काय बोलायचीस?" मी विचारलं.

"कोन कारकून? तो वहीवाला? मी काय बोलनार? बडबडायची. तू बाजारात, घरात तुजी सासू तोंड वाकडं करून. मी बोलू कोनाशी, बोंबलाशी?"

"आनि माजा दादला?"

"त्याचं काय?"

"तो काय करायचा?"

ती लसूण सोलायची थांबली. "हसायचा."

"हसायचा?"

"मंग? जाळं टाकून हसायचा. एकदा तर सुई बोटात घुसली हसता हसता. तो पन सांगायचा काय काय. भुताचं वजन करतात ती गोष्ट... तुला ठाव असंल."

"नाय ठाव."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ती चिडली. "म्हातारे, स्मशानात लाकडं रचायच्या वयात हे इचारायला आलीस?"

"इचारते. आनि काय होतं?"

"काय नवतं. वरतून देव बघतो. तो बसायचा, मी काम करायची, तो वहीवाला लिवायचा. हसनं काय पाप हाय?"

मी तिच्यावर विश्वास ठेवला. ती खोटं बोलते तेव्हा फार बोलते, आणि त्या दिवशी थोडं बोलली. पण विश्वास ठेवून मला बरं वाटलं नाही. दुसरं काही असतं तर मला काय करायचं ते माहीत होतं. मी तिची चूल फोडली असती, तिच्या झिंज्या धरल्या असत्या, गाव गोळा केलं असतं. आमच्याकडे त्याची रीत आहे. हसण्याची काही रीत नाही. नवरा दुसऱ्या बाईच्या बोलण्यावर हसला म्हणून काय फोडायचं?

मी काही दिवस तिच्याशी बोलले नाही. ती रोज नळावर बोलवायची, मी तोंड फिरवायची. मग मुलीचा फोन आला. कार्यक्रम ठरला होता, पाहुणे ठरले होते, माझं नाव छापायला द्यायचं होतं.

मी तिला सांगितलं की ती बाई मी नाही. कोण आहे तेही सांगितलं, आणि डाव्या हाताचंही सांगितलं.

मुलगी म्हणाली, "पण आजी, लेखक कुठूनही काहीही घेतात. डावा हात छापील पुस्तकात नाहीच आहे. आणि पाटी तर तुमचीच ना? ती वलांडीवाली कुठे दारोदार जात होती?"

"पाटी माझी, तोंड तिचं."

"मग दोघींचाही सत्कार करू."

"पाटीला शाल घालतात का कुठे?"

"आजी, असं काय बोलता?"

मी खरं तेच बोलत होते. त्या कारकुनाने मला रोज संध्याकाळी पाहिलं होतं आणि त्याला माझ्या डोक्यावरची पाटी तेवढी दिसली. त्याला चोर शोधायला घरोघरी फिरणारं माणूस पाहिजे होतं, म्हणून त्याने माझी पाटी उचलून हिच्या डोक्यावर ठेवली. माझ्या डोळ्यांतलं, माझ्या जिभेवरचं त्याने काहीच घेतलं नाही. मी गप्प राहून शाल घेतली असती तर कोणाला कळलं नसतं. विधवेला तर वाचताच येत नाही. पण ज्या बाईच्या बोलण्यावर माझा नवरा हसला, ती बाई बनून मी लोकांसमोर का बसू? माझ्या अंगावर तिची उतरलेली साडी आली असती तर मी घातली असती का?

असं मी फोन ठेवल्यावर मनाशी म्हटलं. फोनवर फक्त म्हटलं, "तिला बोलव. तिला नटायची हौस हाय."

हौस होतीच. ती हिरवं लुगडं नेसून, केसात अबोलीचा वळेसर घालून आली. तिला एकटीला पालघरला जाता येत नाही म्हणून मला तिच्याबरोबर जावं लागलं. बोईसरला रिक्षावाल्याने विचारलं, "अम्मा, शादी में जा रहे हो क्या?" तर ही म्हणते, "हां, मेराच शादी हाय, ये मेरी सास हाय." तो हसून हसून हँडलवर पडला. माझं तोंड वाकडंच होतं.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. काचेच्या कपाटात ते पाठकोरे कागद ठेवले होते. मी माझ्या नवऱ्याच्या भुताच्या गोष्टीचं पान कुठे दिसतं का ते बघितलं. नव्हतं. पेटीतच राहिलं होतं. मला बरं वाटलं, लोकांनी ते चाळायला नको.

मी मधल्या रांगेत बसले. तिला व्यासपीठावर बसवलं, शाल घातली, नारळ दिला. मुलगी चांगलं बोलली. मग एका पाहुण्याने, कॉलेजातला कोणी असावा, माइक तिच्या तोंडासमोर धरून विचारलं, "आजी, गुन्हेगार ओळखायची ही कला तुम्हाला कशी काय आली?"

मला वाटलं ही घाबरेल. खेडवळ म्हातारी, एवढी माणसं, माइक. तिने माइकला बोट लावून बघितलं, आवाज झाला तशी सावध झाली, आणि म्हणाली,

"कला कसली साहेब? आमच्या बंदरावर चोर हुडकायला डोकं लागत नाय. ज्याच्या घरचं मांजर जाडं, तो मासळीचोर. एवढं बघायचं."

लोक हसले. ती थांबली. डाव्या हाताने तिने पदर सावरला आणि सगळ्या खोलीभर नजर फिरवून मला शोधून काढलं.

"आनि सगळ्यांत जाडं मांजर कोनाचं होतं, तर ती बगा, तिसऱ्या रांगेत बसलीय, तिचं. तांडेलाची बायको! तिला कोन पकडनार?"

सगळी खोली मागे वळून मला बघायला लागली. ग्रंथपाल बाई चष्मा काढून डोळे पुसत होती. मी रागाने उठणार होते. उठलेही थोडी. पण आमचं ते मांजर खरंच डुकराएवढं होतं, त्याला दारातून येताना पोट आत घ्यावं लागायचं, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. मला हसू फुटलं. थांबवता येईना. खुर्चीला धरून मी हसले, पोट दुखेपर्यंत, इतकी की शेजारच्या बाईने मला पाणी दिलं.

माझा नवरा वलांडीपाशी का बसायचा ते मला कळलं. कळलं म्हणून राग गेला असं नाही, उलट वाढला. मी त्याच्यासमोर असं एकदाही बोलले नव्हते. दिवसभर बोलून बोलून मी मासळी विकायची आणि घरी येताना माझ्याकडेही मीठ, पाणी, पुरे एवढंच उरलेलं असायचं.

परत येताना रिक्षात ती शाल पांघरून बसली होती, एवढ्या उकाड्यात. पालघरपासून बोलत होती ती थांबली नव्हती. पाहुण्याच्या टकलावरून, ग्रंथपाल बाईच्या चष्म्यावरून, माझ्या हसण्यावरून.

"ती भुताची गोष्ट," मी मधेच म्हटलं. "त्याने तुला सांगितली ती. तो कशी सांगायचा?"

"वाचलीस ना तू?"

"वाचली. तो कशी सांगायचा ते इचारते."

तिने शाल खांद्यावरून खाली केली, गळा साफ केला आणि त्याच्यासारखा घोगरा आवाज काढून सांगायला सुरुवात केली. आवाज अगदी तोच होता. मी बाहेर बघत ऐकत राहिले. मला ते तिच्याकडून ऐकावं लागलं, हे मला अजून आवडलेलं नाही.